खिडकीतला ग्लास

“तो नको, बाय. तुमचो गिलास तो. खिडकीतलो.”

माझा हात कपाटात होता. आत स्टीलचे ग्लास ओळीने पालथे ठेवलेले. त्यातला एक मी उचललाही होता. तिथे भांडी घासणाऱ्या लताने तो माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा, हळूच. आणि सिंकमध्ये ठेवला. मी त्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. नुसता धरला होता.

खिडकीच्या कट्ट्यावर एकच ग्लास होता. तसाच स्टीलचा, तेवढाच. बुडाला निळ्या चिकटपट्टीचा तुकडा.

मी त्यात पाणी घेतलं. प्याले. ग्लास धुतला, होता तसा पालथा ठेवला आणि बाहेर जाऊन मुलांना शिकवायला लागले.

मैत्री, सम्यक, तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर विचारलंत, “आजी, तुझा शनिवारचा क्लास का बंद झाला?” मी म्हटलं, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे. कारण ते नाही.

आणि सम्यक, त्याच कॉलवर तू सहज सांगितलंस की तिकडे मेलबर्नच्या पिकनिकला एका मराठी काकूंनी तुला आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आजोबा काय करायचे ते विचारलं. त्यानंतर दिवसभर त्या तुझ्याशी बोलल्याच नाहीत. तू हसत सांगितलंस. “आजी, दॅट वॉज सो रँडम!” मी हसले नाही. ते रँडम नव्हतं, बाळा. तो प्रश्न मी जन्मापासून ओळखते. तो तुमच्याआधी विमानात बसून तिकडे पोचलाय.

म्हणून लिहिते आहे. नीट, क्रमाने लिहिते. मला क्रम लागतो, तुम्हाला माहीत आहे.

मी आयुष्यभर मुलुंडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले, तुमचे आजोबा गेले, तुमचे आईबाबा तुम्हाला घेऊन तिकडे गेले. घरात मी आणि माझी पुस्तकं राहिलो. तेव्हा अदिती आली. डोंगराच्या पायथ्याशी, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून ते उंच टॉवर झालेत ना, तिथे ती राहते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. हुशार, गोड बोलणारी.

“मॅडम, आमच्या मुलांना लिहिताच येत नाही हो. ‘इट वॉज व्हेरी नाइस’च्या पुढे गाडीच जात नाही. तुम्ही क्लबहाऊसमध्ये क्लास घ्या ना. प्लीज. तुमच्यासारखं इंग्लिश आता कोण शिकवतं?”

मी गेले. जाताना माझी चित्रांची पुस्तकं घेऊन गेले.

माझी पद्धत साधी होती. पुस्तकातल्या मजकुरावर मी जाड कागदाची पट्टी लावायची, दोन्हीकडून क्लिपा. मुलांना फक्त चित्र दिसलं पाहिजे. शब्द झाकलेले. मग तीन प्रश्न, ह्याच क्रमाने. आधी, काय दिसतं? मग, कसं दिसतं? काय वाटतं, ते सगळ्यात शेवटी. आणि ‘सुंदर’ हा शब्द माझ्या वर्गात बंद. सुंदर म्हटलं की मूल बघायचं थांबतं.

ही पद्धत मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, कुर्ल्याच्या एका छापखान्यात कामाला होते. लहान मुलांची पुस्तकं तिथे छापली जायची. रंग आधी चढायचे, काळी अक्षरं शेवटी. रंग हलला की तो कागद तिथेच बाजूला पडायचा, अक्षरांपर्यंत पोचायचाच नाही. वडील मालकाला विचारून तसले कागद घरी आणायचे. लाल जरा बाहेर आलेली घरं, दोन कडांची झाडं, आणि शब्द एकही नाही. कंदील जवळ ओढून ते म्हणायचे, “बघ. आधी नीट बघ. शब्द मागनं येत्यात.” मी बघायची आणि लिहायची. आमच्या घरात विकत आणलेलं पुस्तक नव्हतं. मी माझ्या पुस्तकांतले शब्द स्वतः लिहिले.

क्लासमधल्या मुलांचं आवडतं पान कुठलं होतं सांगू? संध्याकाळचं घर. अंगणात खेळणारी मुलं, दारात आई, दोरीवर कपडे. मुलं भराभर लिहायची. कपड्यांचे रंग, आईचे हात. मी म्हणायची, अजून बघा. ती कंटाळायची. अजून बघा. आणि मग एकदम कुणीतरी किंचाळायचं. गवतात दोन डोळे होते. बिबट्या. मुलांच्या पाठीमागेच बसलेला.

“टीचर आजी, तो आत्ता आला का?”

“नाही. तो पहिल्यापासून होता. तुम्ही आत्ता पाहिलात.”

डोंगराच्या पायथ्याची मुलं ती. बिबट्या खरोखर भिंत ओलांडून येतो हे त्यांना माहीत होतं. ती पुन्हा चित्रावर वाकायची. मग लिहायची, आणि काय लिहायची! अदितीची मुलगी ईरा तेव्हा तिसरीत होती. तिने एकदा लिहिलं होतं, “गवत हलत नाहीये, कारण गवताला माहीत आहे.” मी ते वाक्य घरी येऊन स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं.

तेव्हा मला कुठलाच वेगळा ग्लास नव्हता. कपाटातला हाताला येईल तो घ्यायचा. अदिती आल्याचा चहा पाठवायची. दिवाळीला चकल्या. मला वेताची खुर्ची होती, पाठीला उशी लावलेली.

मग माझ्या बहिणीचा फोन आला.

क्लास सुटला होता. मी क्लबहाऊसच्या पँट्रीत पाणी पीत होते. पँट्री म्हणजे एक ओटा, एक सिंक, एक माठ, एक कपाट. अदिती आणि आणखी दोन आया तिथेच बोलत उभ्या होत्या. मोबाईल वाजला. मी उचलला आणि नेहमी म्हणते तसं म्हटलं, “जय भीम, कुसुम. बोल गं.”

मागचं बोलणं बंद पडलं. टीव्ही बंद केल्यावर पडते तसली शांतता. मी कुसुमशी दोन वाक्यं बोलले, फोन ठेवला. वळले तर तिघी हसत होत्या. तिघींचं हसू सारखंच होतं, मोजून कापल्यासारखं.

अदिती म्हणाली, “ओह. मॅडम, तुम्ही... म्हणजे मला वाटलं आमच्यातल्याच.”

मी हातातला ग्लास ओट्यावर ठेवला.

“नाही, काही नाही हो! आम्ही असलं काही मानत नाही. पण तुमचं इंग्लिश ऐकून वाटत नाही ना अजिबात.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. शाळेतल्या स्टाफरूममध्ये ऐकलं होतं, भाड्याचं घर शोधताना ऐकलं होतं. ते नेहमी कौतुकाच्या आवाजात येतं. मी पर्स उचलली आणि घरी आले.

पुढच्या शनिवारी खिडकीत तो ग्लास होता.

निळा रंग त्यांनी मुद्दाम निवडला नसणार. ड्रॉवरमध्ये तीच टेप असेल. पण मला तो रंग बघून आत काहीतरी लागलं. आमच्या मुक्तीचा रंग. तो त्यांनी माझ्या ग्लासाच्या बुडाला लावला.

त्यानंतर एकेक गोष्ट होत गेली. कोणी काही बोललं नाही. चहा यायचा बंद झाला. वेताची खुर्ची “रिपेअरला” गेली, तिच्या जागी पांढरी प्लास्टिकची आली. गेटवरचा वॉचमन, जो मला बघून बॅरियर वर करायचा, तो आता दर वेळी थांबवून वर फोन लावायला लागला. “मॅडम, ऑर्डर आहे.” मुलं माझी पुस्तकं आठवड्यासाठी घरी नेत. ती परत यायची तेव्हा त्यांच्या प्लास्टिकच्या कव्हरांना सॅनिटायझरचा वास यायचा. घरी येऊन मी ती टेबलावर मांडायची. खोलीभर दवाखान्याचा वास सुटायचा.

एक मुलगा मला आनंदाने म्हणाला, “टीचर आजी, तुमच्या क्लासवरून गेल्यावर मला आता कपडे बदलावे लागतात. फुटबॉलवरून गेल्यावरपण नाही लागत!”

त्याला गंमत वाटत होती. पुढच्या वेळी तो आला नाही. मग आणखी दोन मुली आल्या नाहीत. “अबॅकस लागलंय.” “स्केटिंग आहे.” मुलांचा गोल छोटा होत गेला. दर शनिवारी मी रिकामी आसनं उचलून भिंतीशी रचायची. तो ढीग वाढत गेला.

आणि मी काय करत होते? मी गोष्टींना नावं देत होते. त्या ग्लासाला मी ‘हायजीन’ म्हटलं. करोनानंतर लोक जपतात, म्हटलं. मी म्हातारी, मला खोकला असतो, म्हटलं. खुर्चीला ‘मेंटेनन्स’ म्हटलं, वॉचमनला ‘सिक्युरिटी’. इंग्रजीने मला नोकरी दिली, मान दिला, तुमच्या बाबाचं शिक्षण दिलं. झाकायला गुळगुळीत शब्दही दिले. मुलांना शिकवताना मी शब्दांवर पट्टी लावत होते, चित्र दिसावं म्हणून. स्वतःसाठी मी उलटं करत होते. शब्द उघडे, चित्र झाकलेलं.

लता एकदा ओटा पुसता पुसता म्हणाली, “माझ्यार रागावू नकात, बाय. माका सांगल्यानी, मी केलंय. वेगळो स्पंजपण दिल्यानी हा.”

ती कणकवलीकडची. दुपारपर्यंत चार घरची भांडी करून इथे यायची. मी म्हटलं, “तुझ्यावर नाही रागावले, लता.” खरं तर मी तेव्हा कुणावरच रागावले नव्हते. तेच वाईट होतं.

वर्ष संपत आलं. सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांनी स्वतःचं चित्रांचं पुस्तक मांडायचं असं ठरलं. अदितीचीच कल्पना. विषय, ‘आमची इमारत’. प्रत्येकाने एक जागा निवडायची, चित्र काढायचं, खाली वर्णन. मी मुलांना पुठ्ठ्यात चौकोन कापून दिले. खिडकीसारखे. तो डोळ्यासमोर धरायचा आणि जे आत येईल तेवढंच लिहायचं. जे आत आलं ते सोडायचं नाही.

मुलं पळाली. कोणी जलतरण तलाव आणला, कोणी जिन्यातलं मांजर, कोणी लिफ्टमधला आरसा.

ईरा उशिरा आली. तिने पँट्री आणली होती.

तिने इंग्रजीत लिहिलं होतं, मी मराठीत सांगते. मला ते पाठ आहे.

“खिडकीत एक ग्लास आहे. तो पालथा आहे. त्याच्या बुडाला निळी पट्टी आहे. कपाटात बाकीचे ग्लास आहेत. ते सगळे एकसारखे आहेत. खिडकीतला ग्लास पण त्यांच्यासारखाच आहे. त्यातून टीचर आजी पाणी पितात. दुसरं कोणी पीत नाही. लताकाकी तो पिवळ्या स्पंजने धुते. बाकीचे हिरव्या स्पंजने. टीचर आजी पाणी पितात तेव्हा पट्टी आम्हाला दिसते. त्यांना दिसत नाही.”

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, तशीच बसून राहिले.

शेवटची दोन वाक्यं. ग्लास तोंडाला लावला की त्याचं बूड समोरच्याकडे होतं. मी कधी विचारच केला नव्हता. दर शनिवारी मुलं गोल करून बसायची, मी पँट्रीतून ग्लास भरून आणून त्यांच्यासमोर पाणी प्यायची, आणि ती निळी पट्टी त्या सगळ्यांसमोर वर व्हायची. मी मुलांना बघायला शिकवत होते. आणि त्यांच्यासमोर दर आठवड्याला मीच एक चित्र होते. शब्द नसलेलं.

‘काय वाटतं’ ही जागा तिने मोकळी सोडली होती.

“इथे नाही लिहिलंस?” मी विचारलं.

“मी मम्माला विचारलं, याचं काय वाटायचं असतं. ती म्हणाली, काही वाटायचं नसतं.”

मी कागद वाचून खाली ठेवला. त्यावर मी नेहमीसारखी पेन्सिलीने खूण केली. खूण म्हणजे, नीट पाहिलंय.

दोन दिवसांनी अदितीचा मेसेज आला. “मॅडम, सेक्रेटरी साहेबांना भेटायचंय. पाच मिनिटं.” खाली हात जोडलेले.

क्लबहाऊसमधल्या मोठ्या टेबलावर पुस्तकाची पानं पसरली होती. ईराचं पान तेवढं पालथं ठेवलेलं. सेक्रेटरी साहेब माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. शर्ट इस्त्रीचा, आवाज नरम. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी माझी खुर्ची ओढून बसले.

“मॅडम, तुम्ही सीनियर आहात, आम्ही रिस्पेक्टच करतो. पण हे काय आहे?”

“चित्रवर्णन.”

“हे वर्णन नाही. हा आरोप आहे.”

“सरळ करा ते पान. आरोपाचं एक वाक्य दाखवा. ग्लास आहे, पट्टी आहे, स्पंज आहे.”

त्यांनी पान सरळ केलं नाही. त्यावर तळहात ठेवला.

“एवढ्याशा पोरीला यातलं काय कळतं? तुम्ही भरवलंत.”

“मी म्हटलं, बघ. तिने पाहिलं.”

अदिती त्यांच्या बाजूला उभी होती. ती खरंच घाबरली होती. “मॅडम, प्लीज. कार्यक्रमाला बाहेरचे लोक येणार आहेत. कोणी फोटो काढला, टाकला कुठे, तर आमची किती वाट लागेल! मी ईराला सांगितलं पान बदल. ती ऐकतच नाही. म्हणते, टीचर आजींनी खूण केली आहे. तुम्ही सांगा ना तिला.”

“काय सांगू?”

“की तिने चुकीचं पाहिलं. की तसं काही नसतं, सगळे ग्लास सारखेच असतात. बस, एवढंच. ती तुमचंच ऐकते. मग सगळं पूर्वीसारखं. खुर्चीपण आली आहे रिपेअर होऊन.”

“आणि पट्टी?”

“ती काढू ना आम्ही. आत्ता काढू.”

“म्हणजे ती आहे.”

अदितीने त्यांच्याकडे पाहिलं. सेक्रेटरी साहेबांचा आवाज नरमच राहिला. “तुमच्या लोकांचं हे असंच असतं, मॅडम. चार इयत्ता शिकलात, आम्ही घरात घेतलं, तरी शेवटी जातीवर येताच.”

“मी शिकवायला आले होते. तहान लागली म्हणून पाणी प्याले. जात पाण्याला तुम्ही चिकटवलीत.”

मी हे शांतपणे म्हटलं. 

तेवढ्यात अदितीने दार उघडून ईराला आत बोलावलं. ती बाहेरच उभी असणार. शाळेच्या गणवेशातच होती. तिच्या हातात पुठ्ठ्याचा चौकोन होता, कोपरे घामाने मऊ झालेले. ती टेबलाकडे गेली नाही, आईकडे गेली नाही. दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

“ईरा,” अदिती म्हणाली, “टीचर आजी तुला काहीतरी सांगणार आहेत.”

माझ्या आयुष्यात मला बरंच ऐकवलं गेलं आहे. ते मी गिळलं. माझं होतं, मी गिळलं. पण आता ते मला सांगत होते की ह्या मुलीच्या डोळ्यांत तू तुझ्या हाताने माती टाक. तिचा तुझ्यावर विश्वास आहे म्हणून तूच टाक. आज तिने पाहिलेलं मी खोटं ठरवलं असतं तर ती पुन्हा कधी ग्लास पाहणार नव्हती. मोठी झाल्यावर तिच्या घरात खिडकीत एक ग्लास असणार होता, आणि तिला तो दिसणार नव्हता. अदितीला दिसत नाही तसा.

मी उठले. गुडघ्यावर हात टेकून उठावं लागलं.

“ईरा, तू जे पाहिलंस ते तिथे आहे. तू नीट पाहिलंस. कोणीही सांगितलं तरी हे बदलू नकोस. मी सांगितलं तरीसुद्धा.”

“मॅडम!” अदिती.

मी पँट्रीत गेले. लता ओट्याशी उभी होती, बाजूला झाली. ती तिघंही माझ्यामागे आली. मी खिडकीतला ग्लास घेतला. माठातून पाणी ओतलं. त्यांच्याकडे तोंड करून प्याले, सावकाश, पट्टी त्यांच्याकडे. मग नखाने तिचा कोपरा उचलला. जुनी झाली होती, सहज निघाली नाही. ओढून काढली, माझ्या मनगटावर चिकटवून ठेवली. ग्लास धुतला. हिरव्या स्पंजने.

मग कपाट उघडलं आणि तो इतर ग्लासांमध्ये ठेवला. मागे, कोपऱ्यात. आणि दोन्ही हातांनी सगळे ग्लास हलवले. पुढचे मागे, मागचे पुढे. स्टीलवर स्टील वाजत होतं. 

“ओळखा आता,” मी म्हटलं.

सेक्रेटरी साहेब कपाटाकडे बघत होते. त्या क्षणी मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यात राग नव्हता. किळस होती, आणि भीती. बिबट्या पाहिल्यासारखी. एवढा मोठा माणूस, स्टीलच्या ग्लासाला घाबरलेला.

मी माझी पुस्तकं पिशवीत भरली, पट्ट्या आणि क्लिपा काढून डबीत ठेवल्या, आणि निघाले. गेटवर वॉचमनने बॅरियर लगेच वर केला. बाहेर जाणाऱ्याला ऑर्डर लागत नाही.

पुढचं थोडकं आहे. त्यात बरं वाटण्यासारखं काही नाही.

लता मला भाजी बाजारात भेटली. कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घातल्यासारखं करून म्हणाली, “सगळे गिलास भायर घातल्यानी, बाय. एकय ठेवल्यानी नाय. आता कागदाचे आणतत. एकदा प्यायचा नि फेकायचा.” मग इकडेतिकडे बघून म्हणाली, “त्यातलो एक मी घरी नेलंय. आमी त्यातनाच पितो.” आणि पुढच्या गाडीकडे गेली.

कार्यक्रम झाला. एका आईने पुस्तकाचे फोटो कौतुकाने सगळ्यांना पाठवले, मला अजून पालकांच्या ग्रुपमधून काढलेलं नव्हतं. मी पाहिले. पँट्रीचं पान नव्हतं. ईराच्या नावाने कारंज्याचं चित्र होतं, खाली तिच्याच अक्षरात, “आमचं क्लबहाऊस खूप सुंदर आहे.”

सुंदर. अक्षर दाबून लिहिलेलं. फोटोतसुद्धा कागद खोलगट झालेला दिसत होता.

गेल्या आठवड्यात ती रस्त्यात दिसली, अदितीच्या हाताला धरलेली. मी थांबले. तिने मला पाहिलं. आणि मान खाली घातली. अदितीने नाही घालायला लावली, तिनेच घातली. पाहायचं नाही हे ती शिकली आहे. माझ्या तीन प्रश्नांपेक्षा हे लवकर शिकवता येतं. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. त्या टॉवरमध्ये अशी किती घरं आहेत, आणि प्रत्येक घरात मुलं मोठी होत आहेत. त्यांतली काही शिकायला तिकडे येतील. मेलबर्नलाही येतील. पिकनिकला तुमच्या शेजारी बसतील. हसतील, आणि आडनाव विचारतील.

म्हणून आता ऐका.

सम्यक, पुढच्या वेळी त्या काकूंनी विचारलं तर पूर्ण आडनाव सांग. गाव सांग. पणजोबा छापखान्यात कामाला होते, ते सांग. जय भीम म्हण, आवाज न उतरवता. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. मान खाली घालू नकोस, आणि जे दिसेल त्याला गोड इंग्रजी नाव देऊ नकोस. मैत्री, तू मोठी आहेस, तो विसरला तर तू म्हण.

मी काय करणार तेही लिहिते. मी ह्यापुढे जिथे जाईन तिथे पाणी मागेन. सगळे पितात त्या ग्लासातून. वेगळा दिला तर सगळ्यांसमोर विचारेन, का? उत्तर देईपर्यंत उठणार नाही. ईराचं पान मला पाठ आहे. तिचं नाव न घेता, माझं स्वतःचं म्हणून, मी ते म्हणेन. विहारात म्हणेन, जुन्या शाळेतल्या निरोपसमारंभात म्हणेन, कोणी टीचर म्हणून बोलायला बोलावलं तिथे म्हणेन. तिच्याकडून ते पुसून घेतलं. माझ्याकडून घेता येणार नाही.

ती निळी पट्टी मी ह्या पानाच्या कोपऱ्यात चिकटवली आहे. अजून थोडी चिकट आहे. बोट लावून बघा.

काय दिसतं, ते लिहिलं. कसं दिसतं, तेही लिहिलं. तिसऱ्या प्रश्नाची जागा ईराने मोकळी सोडली होती. मी सोडणार नाही.

काय वाटतं? राग येतो. तो आता मी पाण्याबरोबर गिळणार नाही.